एक लाख तीन

श्रीवर्धनात, मुकादमांच्या खळ्यावर,
तीन दिवस मोजली सुपारी:
एक लाख तीन.

दोघांत वाटा, एक उरते.
तिघांतही एक.
वाटेकरी सात. पुन्हा एक.
हलीमाफुफू म्हणाली, चुकलास, परत मोज.

परत तेवढीच.
मग वहीच्या पाठीवर
दोनपासून तीनशे तेरापर्यंत
पासष्ट मूळ संख्या लावून पाहिल्या.
कुणालाच दाद देईना.
खाडीत भरती येऊन गेली तरी मी भागाकारातच.

एवढा ढीग
आणि कुठे सांधा नाही.
सुपारीच्या पोटात निदान शिरा असतात.

फुफूने अडकित्ता काढला,
वरचीच एक कातरली,
अर्धी माझ्या हातावर ठेवली.
आता दोघांत, तिघांत, सहांत, सातांत,
वाटा कसेही.

संध्याकाळपर्यंत सात पोती शिवून झाली.
तो आकडा मात्र
दाढेखाली अजून तुरट.