बुटकी

आम्ही तिला बुटकी म्हणतो.
दाबोळीच्या पट्टीवर नौदलाची सकाळ संपली की
ती येते, पोट डांबराजवळ धरून,
आणि मी शिडीशिवाय तिच्या पोटात हात घालतो.

कायतान सांगायचा
(बावीस वर्षं याच कामात, दोन्ही गुडघे गेले,
आता चिखलीला मेव्हण्याच्या दुकानात बसतो):
ज्यांनी ती कागदावर आखली
त्यांच्या डोळ्यांसमोर म्हणे लहान गावं होती,
जिथे शिडी नाही, सरकता पट्टा नाही,
नुसता एक माणूस, साधारण आपल्या उंचीचा.
म्हणून दार छातीशी ठेवलं.
वर सहा-सहांच्या रांगा, मधे एकच वाट.

पुढे इंजिनं फुगत गेली.
पंख उचलता येईना, जमीन खाली सरेना,
शेवटी इंजिनाचंच बूड चपटं केलं,
ओलं मडकं खाली ठेवताना बसावं तसं.
बघा कधी समोरून. गोल नाही ते.

आत ताठ बसता येत नाही.
गुडघ्यांवर, मान तिरकी, बॅगेला बॅग लावत जायचं:
कुवेतला निघालेली खोकी, दोरीनं आवळलेली,
चिकटपट्टीतून निसटणारा सुक्या सुंगटांचा वास,
चार्टरवाल्यांच्या कडक गुलाबी पेट्या,
चाकांत कळंगुटची वाळू.

परवाची नवी नव्हती.
शेपटीच्या ताज्या रंगाखाली
दुसऱ्याच कुठल्या कंपनीचा पक्षी,
उन्हात तिरकं पाहिलं तरच दिसणारा.
मागच्या होल्डमध्ये, जाळीच्या हुकापाशी,
गुडघे टेकल्यावर डोळे येतात नेमके तिथे
पेननं मारलेल्या रेघा.
चार उभ्या, एक आडवी. चार उभ्या, एक आडवी.
खाली दोन शब्द, कुठल्या लिपीत कोण जाणे.
कुठल्या थंडीत, कुठल्या वाळवंटात
तोही असाच मान मोडून बसला असेल.

कायतान म्हणाला असता, बॅगा मोजल्यात रे.
मला वाटलं, दिवस.

खालून रोझारिओ ओरडत होता, अजून अकरा, अजून अकरा.
शेवटच्या घरात चार उभ्याच होत्या.
मी कानामागचं पेन काढलं,
आडवी मारली,
आणि अकरा बॅगा
त्या रेघांपासून जरा दूर लावल्या.