अंगठा

"अंगठा उचलायचा नाही," मार्यून म्हणाली पहिल्याच दिवशी,
"ऑल्टवर तो दाबून धरायचा, टॅबला नुसती टिचकी.
दाबलेला आहे तोवर सगळं समोर मांडलेलं असतं.
उचललास की निवड झाली."

क्लाक्सविकच्या धक्क्यावर, मासळी-लिलावाच्या कचेरीत
सकाळचे सहा, म्हणजे जानेवारीत अजून मध्यरात्रच.
तिच्या पडद्यावर एकामागे एक:
लिलावाचे भाव, कॉड चढलेला, हॅडॉक पडलेला;
वाऱ्याचा नकाशा, जांभळा झाला की बोटी आज येत नाहीत;
ग्रिम्सबीच्या व्यापाऱ्याच्या मेल, प्रत्येकीत एक तरी तक्रार;
नातवाच्या स्वेटरचा नमुना, चौकटी चौकटींचा;
आणि पत्त्यांचा एकटीचा डाव,
साहेबांचे बूट जिन्यावर वाजले
की एका टिचकीत त्याचं ग्रिम्सबी व्हायचं.
ताकास तूर लागू द्यायची नाही.

मी शिकले. डाव्या हाताला वळण पडलं.
मला आधी वाटायचं, यंत्राला सगळं आठवत असेल.
त्याला एवढंच ठाऊक असतं, की आत्ता तुम्ही कुठून आलात.
एक टिचकी, तिथेच परत. अजून एक, पुन्हा इथे.
दोन खिडक्यांमध्ये माणूस दिवसभर हेलपाटे घालू शकतो
आणि बाकीच्या सरकत जातात
मागे, अजून मागे.
कुणी ढकलावं लागत नाही त्यांना.
नुसतं न जाणं पुरतं.

अगदी टोकाला एक पांढरी होती.
मार्चमध्ये दिसली मला. तीन बोटी एकदम लागल्या होत्या,
फोन खांद्यात धरलेला,
मार्यूनच्या टिचक्या जास्त झाल्या आणि अंगठा निसटला.
दीड ओळ.
"रोई, तू मला विचारलं होतंस ते"
आणि पुढे कर्सर, उघडमीट, उघडमीट,
दाराशी येऊन बेल न वाजवणारा.
पुढच्या क्षणी ती भावांवर होती,
मला विचारत होती, हॅलिबटचं वजन बर्फासकट धरलंस का.

रोई कोण, मी विचारलं नाही.
क्रेनवाला योगवान सांगायचा, भाऊ तिचा, न्यूकला असतो.
त्याची बायको म्हणायची, भाऊ कसला.

रोज संध्याकाळी यंत्र मात्र विचारायचं,
जतन करू? टाकून देऊ? की रद्द?
ती रद्द म्हणायची आणि नुसता पडदा मालवून घरी जायची.
हिवाळ्यात दोनदा वीज गेली.
दोन्हीदा यंत्रानं ती दीड ओळ कुठूनशी हुडकून आणली
आणि ठेवली परत, जणू हिनं ती हरवली होती
आणि आता हिला हायसं वाटेल.

तिच्या शेवटच्या दिवशी रुबार्बचा केक होता.
साहेब बोलले, थोडंसं, आणि भाव बघायला गेले.
मार्यूननं कोट चढवला, मग मफलर,
मग कोटाची बटणं काढून मफलर आत घेतला.
"तू बंद कर," म्हणाली, खुर्चीकडे न बघता,
आणि जिना उतरू लागली.

मी एकेक मिटत गेले. नकाशा. स्वेटर.
पत्त्यांचा डाव सुटत आला होता, तोही.
शेवटी पांढरी. जतन करू? टाकून देऊ? की रद्द?
मी जतन म्हटलं.
यंत्रानं नाव मागितलं.

"काय नाव देऊ?" मी जिन्यात तोंड घालून ओरडले.
बूट थांबले. बराच वेळ थांबले.
"मासळी दे," ती म्हणाली. "इथे मासळी कोण उघडून बघतं."

मी लिहिलं, मासळी.
ह्या नावाची एक आधीच आहे, यंत्र म्हणालं, तिच्या जागी ठेवू?
नको. मासळी दोन.
तीही होती.
तीन. चार. सात.
खाली तिची गाडी थंडीनं धरली होती, सुरू होईना,
पुन्हा किल्ली, पुन्हा तोच घरघराट.
अकरा. बारा.

सतराला जागा मिळाली.