डिझेल पोचता काय

पंखा फिरतो. दिवा लागतो.
पडदा मात्र काळा,
अमावास्येला देवगडच्या जेटीवरून दिसतं
तेवढंच दिसतं त्यात.

सुटे भाग पुण्याहून एसटीच्या पार्सलने आले,
मदरबोर्डच्या खोक्यावर कुणी कोंबडीखाद्याचं पोतं ठेवलेलं.
बर्फाच्या कारखान्याचा हिशोब यावर करायचा, म्हणून
मीच शेठना म्हटलं होतं, तयार घेऊ नका,
मी जोडते, आठ हजार वाचतील.
आता ते आठ हजार
टेबलाभोवती फिरतायत शेठच्या चपला घालून.

रॅम काढली. खोडरबराने तिचे सोनेरी दात घासले,
खारी हवा, म्हटलं, हिचाच काही उद्योग असेल.
पुन्हा बसवली, टक्क.
काही नाही.
एकच लावली, मग दुसरी, मग जागा बदलून.
स्क्रू मोजले. एक कमी.
टॉर्च दातांत धरून शोधला,
सापडला माझ्याच ओढणीत.

बर्फ न्यायला आलेला गुणाजी तांडेल
क्रेट खाली ठेवून बघत राहिला.
"इंजिन आसा?"
तसंच म्हणा.
"मगे आधी डिझेल पोचता काय बघ."

मी हसले. मग हसायची थांबले.
प्रोसेसरच्या डोक्यापाशी, कोपऱ्यात,
आठ पिनांची जागा रिकामी
आणि तिची वायर मागच्या अंगाला
कंपनीच्या बंधातच झोपलेली.

बीप.
एवढासाच.
गुणाजी तोवर गेला होता, बर्फ कुणासाठी थांबत नाही.
पडद्यावर पांढरी अक्षरं तारीख विचारत होती,
यंत्राच्या मते सहा वर्षांपूर्वीचा एक जानेवारी.
मागे शेठच्या चपला गप्प.
मी भिंतीवरचा भरती-ओहोटीचा तक्ता पाहिला
आणि आज टाइप केला.