जड ते उशिरा

दार व्हॅनमधून आलं, हिउमा बेटावरून,
फेरीबोटीत उभं, दोन जाड चादरींत गुंडाळलेलं.
सोबत हेल्वे. वय एकोणऐंशी. दारावर हात ठेवूनच बसलेली.
कापायचं नाही, ती म्हणाली. नखाएवढंही नाही.

जुन्या यंत्राला तुकडा लागायचा.
तो डबीत कोंडायचा, डबीतली हवा उपसायची,
मग कुठे ते बोलायला लागायचं.
हे नवीन उघड्यावरचं ऐकतं.
दार टेबलावर आडवं, बिजागऱ्यांसकट.
बाहेर तार्तूतला नोव्हेंबर. कुणाची तरी कॉफी निवत पडलेली.

पणतू दाराची कड चघळतो, म्हणून ही यात्रा.
शिसं आहे का, एवढाच प्रश्न.

लेझरचा ठिपका केसाहून बारीक.
दर ठोक्याला रंगाचा एक कण वाफ होतो,
हेलियमचा झोत त्याला उचलून नळीत घालतो.
आत, जिथे हवा संपते, तिथे शर्यत.
धक्का सगळ्यांना सारखाच.
हलके आधी पोचतात, जड मागून.
मी फक्त वेळा टिपतो.

वर पांढरा. टायटॅनियम.
मुलाच्या लग्नातला, हेल्वे म्हणाली.
खाली हिरवा. क्रोमियम, आणि शिसं, भरपूर.
तो शाळेच्या बाकांचा, ढापलेला.
नातवाने मान डोलावली. त्याचं काम झालं होतं.

तिथे थांबायला हवं होतं मी.
पण लेझर चालूच होता, आणि दार जाड.

हिरव्याखाली करडा, जस्ताचा.
मध्येच पाण्याची रेघ उंचावली:
हेल्वे वाकून बघत होती.
आजी, जरा मागे. उघड्यावर श्वासही मोजला जातो.

करड्याखाली लाल.
तांबं.
आणि सगळ्यांच्या मागून, धापा टाकत, पारा.

असला रंग घराला कुणी लावत नाही.
तो होडीच्या पोटाला लावतात,
कालवं, शेवाळ चिकटू नये म्हणून.
हे मी बोललो ते सवयीने, पावती फाडावी तसं.

ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, होडी नव्हती आमच्याकडे.
आईने शिपायांना हेच सांगितलं,
आणि नंतर मला, मरेपर्यंत, त्याच शब्दांत:
एवाल्ड लाकडं आणायला रानात गेला. होडी नव्हती आमच्याकडे.
चव्वेचाळीसची पानगळ. मी पाळण्यात.

यंत्रं चुकतात. दुसरी जागा घेतली, कुलपाजवळ.
तिसरी अगदी तळाशी, मांजराने ओरबाडलेली.
तिन्हीकडे पारा.
तळ रंगवून डब्यात उरला असेल तेवढा. वाया कोण घालवतं.

एक गोष्ट तिने विचारली नाही, तरी सांगितली.
दोन रंगांच्या मध्ये सहसा धूळ सापडते,
चुलीची काजळी, एखाद्या हिवाळ्याचं मीठ.
लाल आणि करड्याच्या मध्ये काहीच नाही.
लाल नीट वाळलाही नसेल.

आई डावखुरी होती, हेल्वे म्हणाली,
आणि करड्यावरून बोट फिरवू लागली,
म्हणजे पांढऱ्यावरून, करडा कुठे दिसतोय.

अहवालात शिसं लिहिलं, पारा लिहिला,
खोली मायक्रॉनमध्ये. होडीला रकाना नाही.
पाचची फेरी गाठायची होती त्यांना.
दाराला हात लागला की साबणाने धुवायचे, मी बजावलं.
तिने हो म्हटलं.
व्हॅनचं दार ओढून घेताना पाहिलं,
हात पुन्हा तिथेच होता, कुलपाजवळ.