साडेचार मीटर खाली

आमचं गाव समुद्राच्या तळावर आहे.
ही उपमा नाही. साडेचार मीटर खाली,
पोस्ट ऑफिसच्या भिंतीवर निळी रेघ मारलीय
पाणी कुठवर होतं त्याची.
आजोबा इथे आले तेव्हा नांगराला
बुडालेल्या जहाजांच्या फळ्या अडकत.
आमच्या मुळ्याच्या वाफ्यात अजून शिंपले निघतात.

मी पंपघरात कामाला.
आत झिरपेल तेवढं बाहेर, रात्रंदिवस,
नाताळलासुद्धा.
खरं सांगू का, वीस वर्षं मी
पाण्यालाच पाण्यात पाहत आलोय.

आणि योरिंदा म्हणाली,
बाळ पाण्यात होऊ दे. घरीच. बैठकीत.

टाकी भाड्यानं मिळाली, निळ्या पिशवीत घडी घातलेली.
तळाला मार्करनं आकडा: एकोणीस.
आतलं प्लास्टिक दर वेळी नवं,
पण बाहेरचे कान तेच. एका कानावर
कुणाच्या तरी नखांच्या चार खुणा.
त्यांवरून मी बराच वेळ अंगठा फिरवत बसलो.
मग पायपंपानं फुगवली. सोफा ओसरीत गेला,
टीव्ही भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

कळा सुरू झाल्या मंगळवारी, पहाटे तीनला,
आणि नळीचं तोंड स्वयंपाकघरातल्या नळाला बसेना.
बसेचना.
बॉयलरमध्ये ऐंशी लिटर, टाकी पाचशेची.
किटली, सूपचं पातेलं, मग
कुंपणावरून टेउनिसची बागेतली नळी, तो पायजम्यात,
एक शब्द न विचारता.
पंपघर जेवढं पाणी एका शिंकेत फेकून देतं
तेवढं आणायला मला दोन तास लागले.
सदतीस अंश. मी चार वेळा पाहिलं.

ती आत उतरली
आणि असा उसासा टाकला
की मला जरा मत्सरच वाटला.
नऊ महिने जे ओझं घेतो घेतो म्हणत होतो
ते पाण्यानं नुसतं घेतलं.

हार्मिना सुईण बागकामाच्या उशीवर गुडघे टेकून,
हातात छोटा आरसा, टॉर्च.
फारसं बोलत नव्हती. मधूनच म्हणायची,
हं.
माझ्या हातात मासे धरायची जाळी.
कशाला, ते विचारू नका.

उजाडताना योरिंदानं टाकीचा कान धरला,
तोच, खुणांचा,
आणि तिच्या तोंडून जो आवाज आला
तो मी फक्त एकदा ऐकलाय,
मोठ्या झडपेच्या बिजागरीतून, वादळाच्या रात्री.

मग डोकं. मग बराच वेळ काहीच नाही.
मग सगळीच, एकदम,
सुटलेल्या दोरासारखी.

ती पाण्याखाली होती. डोळे उघडे.
श्वास नाही, घाईही नाही.
आमच्या गावात याला बुडणं म्हणतात.
माझे हात आपोआप निघाले उपसायला,
हार्मिनानं दोन बोटांनी माझी बाही धरली.
तिचं ती घेईल, म्हणाली.
योरिंदानं घेतली वर,
आणि पोर रडलीच नाही आधी,
नुसती शिंकली.

पाण्यात पडलं की पोहता येतं म्हणतात.
मी अजून काठावर उभा होतो,
जाळी हातात, मोजे ओले.

दुपारी टाकी रिकामी केली.
ते पाणी संडासात ओतायचं, असा नियम आहे,
नियम मला पाठ आहेत, काही मीच लिहिलेत.
तरी शेवटची एक बादली
मागच्या चरात ओतली. फिकट गुलाबी.
चर कालव्याला मिळतो, कालवा पंपघराला.

संध्याकाळी गोस्सेला फोन केला,
माझी पाळी तोच करत होता.
म्हटलं, नोंदवहीत आज बारा लिटर जास्त धर.
कुठून आलं? त्यानं विचारलं.
मागे पंपांची घरघर चालू होती.

घरून, म्हटलं.
आणि जरा हळू सोड.