कंदील आधी

सर्व्हर कुठं आहे ते मला कधीच माहीत नव्हतं.
बिलावर कुठल्याशा सेक्टरचा पत्ता,
फोनवर एक बाई, आवाज टेप केलेला:
आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.
मंगळवारपासून तीही बोलेना.

मार्केट यार्डात, आडत दुकानाच्या माळ्यावर माझं टेबल.
खाली सौदे. राजापुरी. कांडी मोडून
आतला रंग बघणारी बोटं.
त्यांचे भाव रोज संध्याकाळी मी साईटवर चढवते,
अकरा वर्षं झाली.
भाव गेले असते तर गेले असते.
शिळ्या भावाला कोण विचारतं.

पण डाव्या कोपऱ्यात एक दुवा होता,
महिन्याला चार माणसं यायची तिथं:
जिनगोंडा मगदुमांची पेवांची वही.
हरिपुरातलं कुठलं पेव कुणाचं, किती हात खोल,
कधी भरलं, कधी फोडलं,
कुणाची हळद कुणाच्या नावावर राहिली.
दोनशे बारा पानं, माझ्या हातानं स्कॅन केलेली.
पेवं पाच सालच्या पुरात बसली.
वही एकोणीसच्या.
जमिनीतलं कागदावर होतं,
कागदावरचं मी ढगात ठेवलं.
आणि ढग काय करतात
ते सांगलीकराला सांगू नये.

गुरुवारी रात्री पावणेतीनला साईट एकदम उघडली,
का ते विचारलं नाही.
खाली ओढायला लागले सगळं.
आयर्विन पुलावर माणसं पाण्याची पट्टी बघतात
तशी मी टक्के बघत बसले,
फरक एवढाच की हा आकडा चढावा म्हणून.
एक्क्याण्णवला अडकला.
चहा केला. प्यायले नाही.
उजाडता उजाडता शंभर.
शनिवारी कंपनीचं नावसुद्धा सापडेना.

एक प्रत दुकानात, वरच्या फळीवर,
एकोणीसच्या खुणेच्या चार हात वर.
एक विट्याला, भावाकडं;
तिथं पूर यायचा तर आधी पाऊस यायला पाहिजे.
तिसरी पेन ड्राइव्हवर घेऊन हरिपूरला गेले.

जिनगोंडाअण्णांनी ती उलटीपालटी केली.
‘किती पोती बसत्यात ह्यात?’
सगळी, म्हटलं.
‘आणि उंदीर?’
हसले. मग हसायचे थांबले.
‘बारगीरबाई, उघडून बघितलंत?’

मी म्हटलं, आकडा जुळतोय, दोनशे बारा.

‘पेव फोडलं की आधी कंदील सोडायचा. दोरीनं.
विझला तर आत हवा न्हाई.
माल दिसतोय म्हणून उतरलेला गडी
वर येत न्हाई.’

त्यांच्या सोप्यात, नातवाच्या लॅपटॉपवर
एकेक पान उघडत गेलो.
अण्णा नावं वाचायचे, काही नावांवर खोकायचे.
एका नावाला शिवी दिली, प्रेमानं.
एकशेत्रेचाळीसवर पडदा पांढरा.
पुढं मागं केलं. पांढरा.
दुकानात फोन लावला: पांढरा.
विट्याला भावाला झोपेतून उठवलं,
‘काहीच नाही गं इथं,’ म्हणाला.

एक कोरं पान
तीन ठिकाणी जपून ठेवलं होतं मी.

अण्णांनी डोळे मिटले.
‘संगमाकडची ओळ हुती ती. सा पेवं. का सात.
एक विधवेचं हुतं, तिचं नाव…’
भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं.
मी टाईप करायला बोटं ठेवली होती,
तशीच ठेवली.
‘न्हाई येत,’ म्हणाले.
‘पान काढू नका पण. नंबर राहू द्या.’

पेन ड्राइव्ह त्यांनी हळदीच्या डब्यात टाकली.
मी काही बोलले नाही.
दर महिन्याला जाते, फुंकर मारते,
लॅपटॉपला लावते, वाट बघते.
बोटं पिवळी होतात.

आता नवी कंपनी. नवा सेक्टर.
टेप केलेली दुसरी बाई, हिचा आवाज जरा बरा.
सगळं परत चढवलं, एकशेत्रेचाळीसही.
अजून महिन्याला चारच माणसं येतात.
काल त्यातलं कुणीतरी त्या कोऱ्या पानावर
सव्वीस मिनिटं होतं.