मुद्देमाल क्रमांक एक

मोहाच्या आडोशाला धाड पडली,
माणसं पळाली धानाच्या बांधांवरून,
सात सापडले.
दुचाक्या चार, रोख सहाशे चाळीस, काती तीन,
आणि एक कोंबडा, तांबडा,
डाव्या पायाला दोरा तसाच.

सातही जण संध्याकाळी जामिनावर घरी.
दुचाक्या बाँडवर सुटल्या.
कोंबड्याला जामीनदार मिळेना,
'माझा' म्हणणारा आठवा आरोपी झाला असता.

ठाण्यात तो पहाटे चारला आरवायचा.
मोहररने दोन दिवस काढले,
तिसऱ्या दिवशी मला बोलावलं.
"पाटीलबाई, सुपुर्दनाम्यावर सही करा.
कोर्ट मांगन तवा हजर करा. जित्ता."

मी शालू दडमल, पोलीस पाटील, मौजा कन्हाळटोला.
माझ्या वर बीट जमादार, त्यांच्या वर ठाणेदार,
ठाणेदारांच्या वर उपविभागाचे साहेब,
त्यांच्या वर एसपी, ज्यांना मी एकदाच पाहिलं,
सत्काराच्या मांडवात, पाठमोरे.
कोर्टाची शिडी वेगळी लावलेली आहे.
तालुक्याला दंडाधिकारी, जिल्ह्याला सत्र,
मग नागपूर, मग दिल्ली, पुढचं मला ठाऊक नाही.
दोन्ही शिड्यांचे पाय मात्र
माझ्याच अंगणात टेकतात,
खुराड्यापाशी, जिथं नेहमी चिखल असतो.

सासू म्हणाली, पाव्हणे आले, काप.
मी म्हटलं, सरकारी हाय.
"सरकारी हाय त कोंडा काहून आपला खाते?"
याला माझ्याकडे कलम नव्हतं.

तारखा पडत गेल्या.
कधी वकील नाही, कधी साहेब रजेवर,
कधी पंच तेलंगणात मिरची तोडायला.
तोवर गावभर त्याची पिल्लं झाली,
तांबडी, भांडखोर.
त्यांचा उल्लेख कुठल्याच कागदात नाही.

तिसऱ्या पावसाळ्याअखेर रानमांजराने नेला.
जमादार म्हणाले, "दुसरा तांबडा धरा ना बाई,
कोन पायते?"
रात्रभर मी गावातले तांबडे आठवत पडले.
खरं सांगते, एक अगदी तसाच होता.
त्याचाच पोरगा.

सकाळी पंचनामा लिहिला.
पंच गिरणीवाले बाजीराव चौखे
आणि अंगणवाडीची रत्नमाला, तिचे हात पिठाचे.
कुंपणाशी रक्ताचा डाग, वीतभर.
पिसं अकरा.
लखोटा, लाख, सह्या.

कोर्टात तीनदा पुकारा झाला.
वर बसलेल्या बाई माझ्या थोरलीच्या वयाच्या,
काळ्या कोटात घामाघूम.
त्यांनी लखोटा फोडायला सांगितला
आणि डोक्यावर पंखा पाचावर.

पिसं उडाली.
सरकारी वकिलांच्या टेबलावर, आरोपींच्या अंगावर,
एक थेट टायपिंगवालीच्या बोटांमध्ये.
शिपाई वाकून वाकून वेचत राहिला.
आरोपींतला एक उठून त्याला मदत करू लागला,
कोणी त्याला बस म्हटलं नाही.

मोजली. दहा.
"दहा," बाईंनी लिहून घ्यायला सांगितलं, "एक गहाळ."
मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या,
"तुम्हाला काही सांगायचंय?"

इतक्या वर्षांत वरून खाली
आदेश आले होते, प्रश्न आला नव्हता.
मी गडबडले. म्हटलं,
"चांगला आरवत होता जी."
टायपिंगवालीने हात उचललेलेच ठेवले.
ते लिहिलं गेलं नाही.

परतीच्या एसटीत, अर्ध्या तिकिटावर,
पदर सावरला तर निऱ्यांत अकरावं.
आता ते कोर्टाचं.
माझ्याकडे पावती नाही, सुपुर्दनामा नाही,
जमादारांना सांगावं तर ते म्हणतील, फेका.

रजिस्टरात ठेवलंय, गावातल्या मयतांच्या पानात.
पुढची तारीख एकोणीस.
घेऊन जाईन.
आधी पंखा बंद करायला सांगेन.